गावचे पोस्ट

मुलांनो, पोस्ट ऑफिस तुम्ही पाहिलेच असेल. आपल्या मॉरिशसमध्ये पोर्ट लुईला मोठे पोस्ट आहे आणि गावोगावी लहान पोस्टेही आहेत. आईबरोबर किंवा आजीबरोबर तुम्ही तेथे कधीतरी गेला असाल. आज आपण एका वेगळ्या पोस्टाची ओळख करून घेऊ. ते पोस्ट आपल्या बेटावरचे नाही. ते आहे समुद्रापलीकडे, भारतात, महाराष्ट्रातील कोकण या भागात.

कोकणच का बरे निवडले? १८३४ सालापासून भारतातील मजूर मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी येऊ लागले. त्यांतील काही जण मुंबई बंदरातून आले. ते कोकणातले व आसपासच्या भागातले होते. तुमच्यापैकी अनेकांचे पूर्वज त्यांच्यापैकीच. म्हणून कोकणातले खेडे म्हणजे तुमच्या पूर्वजांचेच गाव समजा.

कोकणातल्या खेड्यातले पोस्ट अगदी लहान असते. कित्येकदा त्याला स्वतःची इमारतही नसते. कौलारू घराची ओसरी किंवा वाण्याच्या दुकानाचा एक कोपरा, एवढीच त्याची जागा. बाहेर भिंतीवर पोस्टाची पाटी आणि तांबड्या रंगाची पत्रपेटी. आत एक टेबल, एक खुर्ची, एक कुलूपबंद पेटी, लहानसा तराजू, तारखेचा शिक्का आणि शाईची गादी. एवढ्या सामानावर सगळ्या गावाचे काम चाले.

अशा पोस्टाला शाखा डाकघर म्हणतात. भारतात आज दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसे आहेत आणि दर दहांपैकी सुमारे नऊ खेड्यांत आहेत. शाखा डाकघर दिवसातून काही तासच उघडे असते. त्यामुळे पोस्टमास्तर दुसरा उद्योगही करतात. पूर्वी गावच्या शाळेतले गुरुजी किंवा दुकानदार हेच पुष्कळदा पोस्टमास्तर असत. सकाळी दुकानात गूळ तोलायचा आणि दुपारी पोस्टात पत्र तोलायचे! गावाने ज्याच्यावर विश्वास ठेवावा, असा माणूस या कामाला लागे. कारण पोस्टात जे जे येते, ते सगळे दुसऱ्याचे असते. पत्र दुसऱ्याचे, पार्सल दुसऱ्याचे, पैसेही दुसऱ्याचे. ते जसे आले तसे ज्याचे त्याला पोहोचवायचे, हेच पोस्टाचे काम.

आता थोडे मागे जाऊ या. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या, तेव्हा टपाल कसे जात असेल? तेव्हा टपाल माणसाच्या पायांवर जात असे. टपालाची थैली खांद्यावर घेऊन धावणाऱ्या माणसाला हरकारा म्हणत. त्याच्या हातात काठी किंवा भाला असे व त्याला घुंगरे बांधलेली असत. रात्री बरोबर कंदील असे. घुंगरांच्या आवाजाने वाटेतले साप व जनावरे दूर पळत. शिवाय तो आवाज ऐकून पुढच्या टप्प्यावरचा माणूस तयार होऊन उभा राही. पहिला हरकारा थकला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई. तो पुढे धावे. तुम्ही शाळेत काठी हातात देऊन धावण्याची शर्यत खेळता ना? तशीच ही शर्यत. मात्र तिच्यात घाट, जंगल, नदी आणि मुसळधार पाऊस यांनाही हरवावे लागे.

त्या काळी पत्र पाठवणे फार महाग होते. जितके अंतर जास्त, तितके पैसे जास्त. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडे. तेव्हा एक रुपया ही मोठी रक्कम होती. गरीब माणसाने पत्र पाठवावे तरी कसे?

१८५४ साली भारतात ही पद्धत बदलली. देशभराच्या टपालाचे एकच खाते झाले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला जावो, असा नियम झाला. एका रुपयाचे सोळा आणे होत. म्हणजे एका रुपयात अशी बत्तीस पत्रे जाऊ लागली! त्या वेळी भारतात सुमारे सातशे पोस्ट ऑफिसे होती. पुढे ती वाढत वाढत खेड्यापाड्यांत पोहोचली. १८७९ साली पोस्टकार्ड आले. त्याची किंमत फक्त पाव आणा होती. त्यामुळे मजुरालाही घरी दोन ओळी पाठवता येऊ लागल्या.

पत्राचे पैसे भरले, हे कसे ओळखायचे? तिकिटावरून! तिकीट म्हणजे पोस्टाने दिलेली पावतीच. या बाबतीत आपला मॉरिशस भारताच्याही पुढे होता, बरे का! १८४७ साली मॉरिशसने एक पेनीचे तांबडे आणि दोन पेनींचे निळे अशी दोन तिकिटे काढली. त्यांतील थोडीच आज जगात उरली आहेत आणि ती अतिशय मौल्यवान मानली जातात. पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात ही दोन्ही तिकिटे जपून ठेवली आहेत. उजेडाने त्यांचा रंग उडू नये म्हणून खरी तिकिटे दिवसातून थोडाच वेळ दाखवतात. एकदा ती अवश्य पाहून या.

तिकिटावर शिक्का का मारतात, हे माहीत आहे का? शिक्का मारला नाही, तर तेच तिकीट काढून कोणी दुसऱ्या पत्राला लावेल. शिवाय शिक्क्यावर पोस्टाचे नाव आणि तारीख असते. पत्र कोठून व केव्हा निघाले, हे त्यावरून कळते. म्हणून रोज सकाळी पोस्टमास्तर शिक्क्यातली तारीख आधी बदलतात आणि मगच कामाला लागतात.

आता आपण एका पत्राबरोबर प्रवास करू. समजा, पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरणीत काम करणाऱ्या एका मुलाने कोकणातल्या आपल्या आईला पत्र लिहिले. पत्रपेटीतून ते मुंबईच्या पोस्टात गेले. तेथे शिक्का बसला. मग जिल्ह्याजिल्ह्यांप्रमाणे पत्रे निवडून वेगवेगळ्या थैल्यांत भरली. थैलीचे तोंड दोरीने बांधले, गाठीवर वितळलेली लाख ओतली व तिच्यावर मोहोर उठवली. लाख फुटलेली दिसली की कोणीतरी थैली उघडली, हे लगेच समजे. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली. म्हणून थैली एस.टी.च्या बसने घाट उतरून तालुक्याच्या गावी आली. त्याच्याही आधीच्या काळात मुंबईहून आगबोटी किनाऱ्याने टपाल आणत. तालुक्याच्या गावी पुन्हा पत्रे निवडली गेली. आपल्या खेड्याची लहान थैली निघाली. ती कधी बसने, कधी होडीतून खाडी ओलांडून, तर कधी माणसाच्या डोक्यावरून गावी पोहोचली.

थैली यायची वेळ गावाला पाठ असे. म्हातारी माणसे आधीच ओसरीवर येऊन बसत. पोस्टमास्तर लाख नीट तपासून थैली उघडत. एकेक पत्र हातात घेऊन मोठ्याने नाव पुकारत. ज्याचे नाव निघे, त्याचा चेहरा खुले. ज्याचे निघत नसे, तो विचारी, "मास्तर, माझं काही आलं का हो?" मास्तर पुन्हा एकदा थैली झटकून पाहत. "आज नाही, आजी. उद्या बघू," असे म्हणत. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा येऊन बसे.

वाडीवस्तीवरची पत्रे घेऊन पोस्टमन निघे. कोकणातली घरे डोंगरउतारावर लांब लांब विखुरलेली असतात. एका पत्रासाठी कधी मैलभर चढण चढावी लागे. पावसाळ्यात तर पत्रे मेणकापडात गुंडाळून न्यावी लागत. पोस्टमन भिजला तरी चालेल, पण पत्र भिजता कामा नये! दारी आलेल्या पोस्टमनला घरची माणसे पाणी आणि गुळाचा खडा देत, चहा देत. दिवाळीत फराळ देत.

पोस्टमनचे काम पत्र देऊन संपत नसे. पुष्कळ लोकांना तेव्हा वाचता येत नव्हते. मग पोस्टमनच पत्र वाचून दाखवी. आईने सांगितलेले उत्तरही तोच लिहून घेई. वर 'श्री' लिहायचे, थोरांना नमस्कार व लहानांना आशीर्वाद सांगायचे, आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' असे लिहायचे. अशी पत्राची रीत होती. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलेले असे. कोणी वारल्याचे कळवायचे असेल, तर 'श्री' लिहीत नसत आणि कार्डाचा एक कोपरा फाडत. तो फाटका कोपरा पाहिला की वाचण्याआधीच घरात सारे गप्प होत.

विचार करा, गावातली किती गुपिते या एका माणसाला ठाऊक असतील! कोणाचे कर्ज आहे, कोणाचे भांडण झाले, कोण आजारी आहे, हे सारे त्याने वाचलेले असे. पण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगायची नाही, हे त्याचे व्रत होते. त्याने ते मोडले असते, तर पुन्हा कोणी त्याच्या हाती पत्र दिले नसते. सरकारचाही याबाबत कडक नियम होता. १८९८ साली भारतात टपालाचा कायदा झाला. दुसऱ्याचे पत्र उघडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला त्यात शिक्षा सांगितली होती.

कोकणातल्या पोस्टात सर्वांत मोठी वाट पाहिली जाई ती मनीऑर्डरीची. भारतात पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली. कोकणात शेती थोडी आणि पाऊस फार. त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत कामाला असे. पगार झाला की तो जवळच्या पोस्टात पैसे भरी. ते पैसे, म्हणजे त्याच नोटा, गावी जात नसत. जाई तो फक्त मनीऑर्डरीचा कागद. गावचे पोस्ट आपल्याजवळच्या पैशांतून तेवढी रक्कम घरच्यांना देई. गावच्या पोस्टात फार रोकड ठेवायची नाही, असा नियम असे. म्हणून गणपतीच्या सणाआधी खूप मनीऑर्डरी आल्या, की पोस्टमास्तर तालुक्याच्या पोस्टातून पैसे मागवून घेत.

मनीऑर्डरीच्या कागदाला खाली एक लहान तुकडा असे. त्यावर दोन ओळी लिहिता येत. "मी खुशाल आहे. बाबांना औषध आणा. गणपतीला येतो." एवढेच शब्द! पण आई तो तुकडा देवाजवळ जपून ठेवी. पैसे मिळाले, याची सही ती मनीऑर्डरीच्या कागदावर करी. सही येत नसेल तर अंगठा उठवी आणि एक साक्षीदार सही करी. ती पोच मुंबईला मुलाकडे परत जाई. आईच्या अंगठ्याचा ठसा पाहिला, की मुलाला घर भेटल्यासारखे वाटे.

पैसे पाठवायचे, तसेच पैसे साठवायचेही. १८८२ साली भारतात पोस्टाची बचत बँक सुरू झाली. ज्या गावात दुसरी कोणतीच बँक नव्हती, तेथे पोस्ट हीच बँक झाली. भाजी विकून, अंडी विकून मिळालेले थोडे थोडे पैसे बायका पोस्टात ठेवत.

आता पत्त्याविषयी थोडे सांगू. भारतात एकाच नावाची कितीतरी गावे आहेत. शिवाय निरनिराळ्या भाषांत व लिपींत पत्ते लिहिले जातात. त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो तयार केला. ते मराठी होते आणि संस्कृतमधील कवीही होते. पिन कोडमध्ये सहा आकडे असतात. पहिले तीन आकडे पत्र देशाच्या कोणत्या भागात व कोणत्या जिल्ह्याकडे जायचे ते सांगतात. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. महाराष्ट्रातल्या पत्त्यांचा पिन कोड ४ या आकड्याने सुरू होतो. लहान शाखा डाकघरांना मात्र बहुधा वेगळा आकडा नसतो. मोठ्या पोस्टाच्या पिन कोडवरच त्यांची पत्रे येतात. म्हणून गावाचे नाव स्वच्छ अक्षरात लिहायलाच हवे.

इतके करूनही काही पत्रांचा मालक सापडत नाही. अशी पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जातात. पाठवणाऱ्याचाही पत्ता पाकिटावर नसेल, तर ती एका खास कार्यालयात नेतात. तेथील नेमलेल्या माणसांनाच ते पत्र उघडण्याची परवानगी असते. तीही कशासाठी? आत कोठे पत्ता सापडतो का, हे पाहण्यासाठी. म्हणून पाकिटाच्या मागे आपला पत्ता लिहायला विसरू नका.

काळ बदलला, तसे गावचे पोस्टही बदलले. पूर्वी तातडीचा निरोप तारेने येई. 'तार आली' म्हटले की घरात धडकी भरे, कारण ती बहुधा आजारपणाची किंवा मृत्यूची असे. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली. घरोघरी फोन आले. मुंबईचा मुलगा आता आईशी रोज बोलू शकतो. खुशालीची पत्रे कमी झाली. ओसरीवर वाट पाहणारी माणसेही कमी झाली. मग गावच्या पोस्टाची गरज संपली का?

नाही संपली. रक्षाबंधनाला बहिणींच्या राख्या अजून पोस्टाने येतात. नोकरीची पत्रे, बँकेचे कागद, औषधांची पार्सले येतात. १ सप्टेंबर २०१८ रोजी भारतात टपाल खात्याची नवी पेमेंट्स बँक सुरू झाली. आता पोस्टमनच्या पिशवीत पत्रांबरोबर एक लहान यंत्रही असते. चालता न येणाऱ्या आजोबांना तो घरी जाऊन त्यांच्या खात्यातले पैसे देतो. आजोबा यंत्रावर बोट ठेवतात आणि यंत्र त्यांना ओळखते. पूर्वी कागदावर अंगठा उठत असे, आता तो यंत्रावर उठतो. बाकी गोष्ट तीच आहे. ज्याचे पैसे, त्याच्याच हाती ते जायला हवेत.

हरकारा गेला, लाखेची मोहोर मागे पडली, तार गेली. पण एक गोष्ट तेव्हा होती आणि आजही आहे. अनोळखी माणसांच्या हाती आपण आपली वस्तू देतो आणि ती पोहोचेल, अशी खात्री बाळगतो. पुष्कळ माणसांनी आपापले काम चोख केले, म्हणून ही खात्री निर्माण झाली.

मुलांनो, आता तुम्हीही एक काम करा. दुसऱ्या गावात राहणाऱ्या आजीला किंवा मामाला मराठीत एक पत्र लिहा. पत्ता स्वच्छ लिहा, तिकीट लावा आणि पत्रपेटीत टाका. ते किती दिवसांत पोहोचते, ते मोजा. उत्तर आले की ते फेकू नका. जपून ठेवा. पुन्हा पुन्हा वाचता येते, हीच तर पत्राची गंमत आहे!

शब्दार्थ

ओसरी – घराच्या पुढच्या बाजूची उघडी, बसण्याची जागा
घुंगरे – हलवली की वाजणाऱ्या लहान घंटा
तोळा – वजनाचे जुने माप, सुमारे बारा ग्रॅम
लाख – मोहोर उठवण्यासाठी वितळवून वापरतात तो पदार्थ
गोदी – बंदरात बोटींवर माल चढवण्या-उतरवण्याची जागा
रोकड – रोख पैसे
पोच – वस्तू मिळाल्याची लेखी खूण

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हरकाऱ्याच्या काठीला घुंगरे का बांधत?
(आ) भारतात मनीऑर्डर केव्हा सुरू झाली?
(इ) पिन कोड कोणी तयार केला?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १८५४ सालच्या नव्या नियमामुळे गरिबांचा कोणता फायदा झाला?
(आ) तिकिटावर शिक्का का मारतात?
(इ) पोस्टमनने पत्रातली गोष्ट दुसऱ्या कोणाला का सांगायची नाही?

३. योग्य शब्द लिहून वाक्ये पूर्ण करा.
(अ) थैलीच्या गाठीवर वितळलेली ............ ओतत.
(आ) मॉरिशसने ............ साली एक पेनीचे तांबडे तिकीट काढले.
(इ) मनीऑर्डर मिळाल्याची ............ पैसे पाठवणाऱ्याकडे परत जाई.

४. तुमच्या गावच्या पोस्टात जा. तेथे कोणकोणती कामे चालतात, ते विचारून घ्या व पाच वाक्ये लिहा.